समासातली केतकी

केतकी आठवते ती आधी वासातून. पांढऱ्या खोडरबराचा कोमट, किंचित गोडसर वास आणि त्यात मिसळलेला कंडेन्स्ड दुधाच्या कॉफीचा दरवळ. मग आवाज येतो, पानावरचा रबराचा चुरा फुंकरीने उडवण्याचा. तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमधल्या, त्या खाण्याच्या ठेल्यांच्या मोठ्या मंडपातल्या, कडेच्या टेबलापाशी, जिथे सकाळी दहाचं ऊन छपराच्या फटीतून उतरून आधी ट्रेवर, मग तिच्या मनगटावर आणि शेवटी उघड्या पानावर येऊन स्थिरावायचं, तिथे ती मान वाकवून आपलंच हस्ताक्षर पुसत बसलेली असायची. फुंकर मारताना डोळे मिटून घ्यायची. शेजारच्या टेबलावरचे चिनी आजोबा आपला नूडल्सचा वाडगा हाताने झाकून घ्यायचे आणि आमच्याकडे बघून मान हलवायचे.

आमची ओळख झाली तीही तिच्या एका विसरलेल्या ओळीमुळे. वाचनालयातून मी एक इंग्रजी कादंबरी आणली होती. तिची नायिका नवऱ्याच्या होकाराची वाट पाहत पाच पानं खिडकीशी उभी होती आणि शेजारी समासात, पेन्सिलीने, चक्क मराठीत लिहिलेलं होतं: ‘बाई, खिडकी पुरे. दार त्या बाजूला आहे.’ ज्या देशात दोन दिवस उशिरा पुस्तक परत करायचं म्हटलं तरी मी दंड आधी मोजून ठेवते, तिथे सार्वजनिक पुस्तकावर लिहिणारी ही भवानी कोण, असा मला प्रश्न पडला. आणि मग सदाशिव पेठेत वाढलेल्या, पुस्तकाचं पानसुद्धा कधी न दुमडलेल्या मी त्याखाली लिहिलं, ‘दाराची किल्ली कोणाकडे आहे ते आधी बघा.’ पुस्तक होतं तिथे ठेवून दिलं. आठवड्याने गेले तर खाली उत्तर होतं: ‘बघते. हे खोडायला आले होते, पण आता खोडवत नाही. शनिवारी दहा वाजता खाली कॉफी? हिरवी छत्री माझी.’

त्या हिरव्या छत्रीतून जी बाई बाहेर आली ती माझ्याहून आठेक वर्षांनी लहान, सावळी, उंच, आणि चालताना नेहमी कुठेतरी उशीर झाल्यासारखी. मला ताई म्हणायला तिने पहिल्याच दिवशी नकार दिला. ‘ताई म्हटलं की वाद घालता येत नाही,’ म्हणाली. त्या दिवसापासून आमचा शिरस्ता पडला. एकच पुस्तक आधी तिने वाचायचं, पटलं तिथे सरळ रेघ, नाही पटलं तिथे नागमोडी, आणि राहवलं नाही तर समासात शेरा. मग ते माझ्याकडे यायचं, मी उत्तरं द्यायची. आणि शनिवारी परत करण्याआधी दोघींनी बसून, दोन खोडरबरं घेऊन, आठवड्याचं सगळं भांडण स्वच्छ पुसून टाकायचं. जगातल्या किती चर्चा इतक्या तळमळीने झाल्या आणि इतक्या इमानदारीने नष्ट केल्या गेल्या असतील, कोण जाणे. मला तेव्हा त्यात गंमत वाटायची.

या गावाला ऋतू नाहीत. जानेवारी आणि जून इथे सख्खी भावंडं, चेहऱ्यावरून ओळखू न येणारी. माझ्या त्या वर्षांना ऋतू दिले ते केतकीच्या वेडांनी. खूनकथांचे तीन महिने झाले, त्यात मेलेली नेहमी तरुण मुलगीच का, म्हणून ती संतापायची. मग कोरियन मालिकांची साथ आली. त्यांतल्या श्रीमंत सासवा सुनेच्या तोंडावर ग्लासभर पाणी कशा फेकतात ते ती हातवाऱ्यांसह करून दाखवायची आणि म्हणायची, ‘आपल्या मालिकांतल्या सासवांपेक्षा बऱ्या गं. निदान एकदा फेकून मोकळ्या होतात.’ सुपरहिरोंच्या सिनेमाला ती फोनवर वेळ लावून बसायची: दोन बाया एकमेकींशी, पुरुषाखेरीज दुसऱ्या विषयावर, किती सेकंद बोलल्या. एकदा पूर्ण सिनेमात अकरा सेकंद भरले, तेही बॉम्बची कुठली वायर कापायची यावर. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसून आम्ही इतक्या हसलो, की माझा चष्मा ओला झाला. हसताना ती समोरच्याचं कोपर घट्ट धरायची. माझ्या डाव्या कोपराला अजून ती सवय आहे.

इतकं बोलणाऱ्या त्या बाईने घराबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. मला माहीत होतं ते वरवरचं. नाशिकच्या कॉलेजात ती साहित्य शिकवायची. नवऱ्याला चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या ऑफिसात नोकरी लागली म्हणून सगळं सोडून इकडे आली, आणि इथला तिचा मुक्काम त्याच्या नोकरीवर टांगलेल्या डिपेंडंट पासवर होता. नवऱ्याला मी गणपतीत पाहिलं होतं. आरतीचं तबक सगळ्यांपर्यंत नेणारा, म्हाताऱ्यांना खुर्ची देणारा, बोलायला मऊ. भला माणूस, असं सगळेच म्हणायचे. मीही म्हणाले होते.

त्या वर्षी धुराचे दिवस फार लांबले. पलीकडच्या बेटावर रानं जळत होती आणि त्यांचा धूर समुद्र ओलांडून आमच्या बाल्कन्यांत, वाळत घातलेल्या चादरींत, भाताच्या वासात शिरला होता. दुपारचा सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसायचा, आणि पहाटे कोकीळ ओरडायचा तोही घसा बसल्यासारखा. त्या दिवसांत केतकीने मला एक कादंबरी दिली. तिच्यातला नवरा मारत नाही, ओरडत नाही. फक्त बोलत नाही. महिनेच्या महिने बायकोशी एक शब्द नाही, आणि बाहेर मात्र गोड. एकशे बेचाळीसाव्या पानावर, नायिका दोन ताटं वाढून एकटी जेवते तिथे, केतकीने ना सरळ रेघ मारली होती ना नागमोडी. समासात एवढंच लिहिलं होतं: ‘हिने काय करावं? खरं सांग.’

मी नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात रुग्णांचे कागद सांभाळते. संध्याकाळी घरी येताना ते पान उघडलं. नोव्हेना ते तोआ पायोह, मधे एकही स्टेशन नाही, दार मिटतं आणि उघडतं एवढाच प्रवास. तेवढ्यात मी लिहून मोकळी झाले. ‘सरळ सांगावं, वेगळं राहायचंय म्हणून. आकाश कोसळत नाही.’ वळणदार अक्षर आलं होतं. मी स्वतःवर खूशही झाले.

त्या शनिवारी ती पुस्तक पुसायला बसली नाही. ‘अजून वाचायचंय, मुदत वाढवून घेते,’ म्हणाली. पुढच्या शनिवारी तोंडावर मास्क लावून आली, बसली आणि कॉफीला हात लावला नाही.

‘सांगितलं,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘तू लिहिलंस तेच. वेगळं राहायचंय म्हणून.’

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. ‘अगं, मी तिच्याबद्दल लिहिलं होतं.’

‘मी कुठे तिच्याबद्दल विचारलं होतं?’

नवऱ्याने काही तमाशा केला नव्हता. नेहमीसारखा ऐकून घेऊन गप्प बसला, दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेला आणि तिचा पास रद्द करायला सांगून आला. आता तिच्याकडे काही आठवडे होते. त्यात नोकरी मिळून स्वतःचा पास झाला तर ठीक, नाहीतर परत. परत म्हणजे भावाच्या घरी, त्याच्या दोन मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत.

मी काय नाही केलं? हॉस्पिटलात विचारलं, तर साहित्याच्या बाईला कुठल्या कामावर दाखवायचं, असं साहेबीणबाईंनी हळुवारपणे विचारलं. ट्यूशन सेंटरं पालथी घातली, तिथे सगळ्यांना ती आवडली आणि पासची जबाबदारी कोणालाच नको होती. ओळखीच्या वकिलीणबाईंनी चहा दिला आणि मान हलवली. मी तिला म्हटलं, माझ्याकडे ये राहायला, मागची खोली रिकामीच आहे. ती मास्कमागून हसली असावी, डोळे बारीक झाले. खोली मला देता येत होती, देश कुठून देणार? मी इथली कायमची रहिवासी. माझा पास माझ्या स्वतःच्या नावावर, नवरा रुसला तरी माझ्या पायाखालची फरशी हलत नाही. त्या फरशीवर पाय रोवून मी पुस्तकातल्या बायकांना बाहेर पडायला सांगत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते मी पेन्सिलीने करून दाखवलं. पहिल्याच दिवशी किल्लीचं मीच लिहिलं होतं की. मग विसरले कशी? याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि तेच मला सोसेना. भांडली असती तर बरं झालं असतं. वाद घालता यावा म्हणूनच ना ताई म्हटलं नव्हतं?

शेवटच्या शनिवारी धूर जरा विरळ होता. तिने छत्री आणली नव्हती. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाली, ‘हे तू खोड. मला आज जमणार नाही. आणि विमानतळावर येऊ नकोस. तिथे धावत येऊन मिठी मारणाऱ्या बाया आपल्याला कधी आवडल्या?’ मग उठताना माझं डावं कोपर तिने धरलं, हसत नसताना पहिल्यांदाच, आणि सोडलं. हॉकर सेंटरच्या कडेच्या उजेडात ती नेहमीसारखी भराभरा चालत गेली. या वेळी खरंच उशीर झाला होता. मी बसून राहिले.

पान एकशे बेचाळीस मी सगळ्यांत शेवटी उघडलं. माझ्या ओळीखाली तिने लिहिलं होतं: ‘आकाश खरंच नाही कोसळलं गं. फक्त पास गेला.’

मी खोडायला घेतलं. माझा सल्ला दोनदा घासताच गेला, धावत्या गाडीत, हात न टेकता लिहिलेला, नावालाही उरला नाही. तिची ओळ मात्र जाईना. शिसं निघालं, पण तिने इतकं दाबून लिहिलं होतं की पान तिरपं धरलं की उन्हात अक्षर न् अक्षर उमटायचं. जास्त घासलं तर कागद फाटेल म्हणून थांबले. शेजारच्या आजोबांनी वाडगा झाकला नव्हता. माझ्याच्याने फुंकर मारवली नाही. चुरा हातानेच गोळा केला आणि पुस्तक परतीच्या पेटीत टाकून घरी आले.

आता तिचे निरोप सणासुदीला येतात, भाच्यांच्या परीक्षा, आईचं गुडघ्याचं दुखणं. काय वाचतेस, असं मी विचारते, आणि ते तेवढं वाक्य सोडून ती बाकीच्याला उत्तर देते. मी अजून शनिवारी वाचनालयात जाते. ते पुस्तक कधी फळीवर असतं, कधी कोणीतरी नेलेलं असतं. असलं की मी उभ्या उभ्या ते पान काढते आणि समासावरून बोट फिरवते. वर्षं पानं पिवळी करत चालली आहेत, मधल्या कित्येक वाचणाऱ्यांना तो समास कोराच दिसला असणार, आणि माझ्या बोटाखाली मात्र केतकी दर वेळी तेच सांगते, आकाश कोसळलं नाही म्हणून.