पाटीच्या कोपऱ्यातली सही

"डावरीच्या हातची पाटी कुणाच्या दारावर शोभते गं? तू आपली ब्रश धू."

दादाचं हे बोलणं किती जुनं झालं, पण तिच्या कानात ते काट्यासारखं रुतून बसलं होतं. वडील गेले आणि पाट्या रंगवायच्या दुकानाची किल्ली दादाच्या खिशात गेली. त्या सकाळी वडिलांच्या स्टुलावर बसून तिने पांढऱ्या पत्र्यावर डाव्या हाताने एक रेघ ओढली. दादाने तिच्या बोटांतून ब्रश काढून घेतला आणि तो गिऱ्हाइकादेखत हे बोलला. गिऱ्हाईक फिदीफिदी हसलं. ती मोरीपाशी गेली आणि नळाच्या धारेखाली स्वतःशीच गुणगुणली:

ब्रश धुते मी गं बाई, पाणी निळं निळं होतं
नाव भावाचं राहतं, माझं मोरीतून जातं

दुकानावर वडिलांची शेवटची पाटी होती. निळ्यावर पिवळी अक्षरं, कोपऱ्यात त्यांची सही. दादा रोज सकाळी शिडी लावून ती पुसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा, "असा हात पुन्हा होणे नाही." त्या पाटीबद्दल एक गोष्ट तिच्या पोटात होती. वडिलांना शब्द दिला होता, म्हणून ती कधी ओठांवर आली नाही.

लग्न होऊन ती सासरी आली, पण तो काटाही बरोबर आला. आता दुकानदार पाटीआधी वेबसाइट मागायला लागले होते, आणि दादाच्या दुकानात रंगाचे डबे वाळत होते. हे कळलं त्या दिवशी तिने नवऱ्याचा जुना लॅपटॉप पुसून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला. घरबसल्या वेब डिझाइन शिकवणारे तीन कोर्स तिने हेरून ठेवले होते. समोर सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या.

पहिल्या ठिकाणी फोन लावून स्पीकरवर ठेवला, तर तिकडून मधाळ आवाज आला, "काही यायला लागत नाही हो मॅडम! तयार साचे असतात. दुकानाचं नाव बदललं की झाली वेबसाइट."

"साचेच गिरवायचे होते तर भावाचं दुकान काय वाईट होतं?" सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्याने फोटोफ्रेमसकट सर्टिफिकेट घरपोच देऊ म्हणून सांगितलं. केलेलं काम कोण तपासतं, असं विचारल्यावर तो जरा अडखळला. "तपासायचं काय त्यात? सगळे पासच होतात."

"फ्रेम टांगायला भिंती आहेत आपल्याकडे," सासूबाईंनी एक किडका वाटाणा बाजूला टाकला. "मास्तर आहे का विचार."

तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी फोन उचलला. आवाज घोगरा, बोलणं तुटक. "प्रत्येकाचं काम मी स्वतः बघते. चुकलं की परत पाठवते. रडायचं असेल तर आधीच दुसरीकडे जा. शेवटी एका खऱ्या दुकानाची वेबसाइट करायची, आणि तळाला करणारीचं नाव घालायचं. नाव नसेल तर नापास."

"नाव घालायलाच लागतं?"

"काम तुमचं असेल तर लाज कसली?"

तिने फोन ठेवला.

"हाच," ती म्हणाली.

"सगळ्यात अवघड तोच?"

"हो. आणि शेवटचं दुकान दादाचं."

"त्याचं भलं करायला निघालीस?"

"असं भलं करीन, की स्वतःच्या दुकानाची वेबसाइट उघडून बघताना रोज खाली माझं नाव दिसेल. घास उतरणार नाही त्याच्या घशाखाली."

सासूबाईंनी सोललेले वाटाणे तिच्यापुढे सरकवले. "मग नीट शिक हो. अर्धाकच्चा सूड पोट बिघडवतो."

पहिलंच काम परत आलं. पत्रा भरून काढायची सवय, म्हणून तिने सगळं पान कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ठासून भरलं होतं, आणि अक्षरं तर हातभर उंच. घोगऱ्या आवाजाच्या बाईंनी लिहिलं होतं, "रस्त्यापलीकडून कुणी वाचत नाहीये. माणूस फोन हातात धरून बसलाय. त्याला श्वास घेऊ द्या." तिने सगळं पुसलं आणि पुन्हा मांडलं. तेही परत आलं. भाजी करपली, डोळे चुरचुरले, पण प्रत्येक वेळी मोरीतलं ते निळं पाणी आठवलं की ती पुन्हा खुर्ची ओढायची.

मग शेवटच्या कामाची पाळी आली, तेव्हा तिने दादाला निरोप धाडला, की तुझ्या दुकानाची वेबसाइट मी करते. तो खुशीत तिच्या घरी आला.

"बरं झालं बाई, घरचंच माणूस! बाहेरचे लुटतात नुसते." तिच्या शेजारी बसून तो सांगायला लागला, "सगळ्यात वर पाटीचा फोटो. खाली लिही, वडिलांच्या हातची शेवटची पाटी. अक्षरांची शेपटं बघ कशी निमुळती होत जातात! ही लकब कुणाला जमत नाही."

"तुलाही नाही?"

"रोज गिरवतो गं. पण नाही येत." क्षणभर त्याचा चेहरा पडला. त्याच्या कानशिलावरचे पांढरे केस तिला दिसले. आत कुठेतरी काहीतरी हललं, पण तिने ते वर येऊ दिलं नाही.

त्याने पान खाली सरकवलं आणि थबकला. "हे काय? तुझं नाव? काढ ते."

"नाव काढलं तर मी नापास."

"हो मग नापास! बाबांच्या पाटीखाली तुझं नाव? लोक हसतील. तिथे माझं टाक."

समोर वाटाणे सोलत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. तिने लॅपटॉपवरचा हात उचलला, डावा, आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"दादा, ती शेवटची पाटी झाली तेव्हा बाबांच्या हाताला पाण्याचा पेलासुद्धा धरवत नव्हता. गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून मागच्या खोलीत पडदा ओढून मी रंगवायची, आणि तुला सांगणार नाही असा शब्द त्यांनी माझ्याकडून घेतला होता. उद्या सकाळी पुसायला शिडीवर चढशील ना, तेव्हा नीट बघ. ती शेपटं तुला कधीच जमणार नाहीत, कारण ती उजव्या हाताची नाहीत. ती पाटी माझी आहे. कोपऱ्यातली सहीसुद्धा मीच केली होती."