कुंपणाजवळचा बुटका पाइन

भूगोलाच्या बाईंचा बुटका पाइन म्हणजे गल्लीभर कौतुकाचा विषय. सात वर्षांचं झाड, पण उंची जेमतेम गुडघ्याएवढी. कुणी विचारायचा अवकाश, की बाई सुरू व्हायच्या, "पाणी बेताचं, खत नाहीच. लाड केले की झाड डोक्यावर बसतं!"

यंदा वार्षिक परीक्षांच्या धबडग्यात तीन आठवडे त्यांचं बागेकडे लक्षच गेलं नाही. सुट्टी लागल्यावर चहाचा कप घेऊन त्या अंगणात आल्या आणि जागीच थिजल्या. झाडातून वीतवीत लांब कोंब मेणबत्त्यांसारखे सरळ वर निघाले होते.

रोग पडला की काय, या भीतीने त्यांनी रोपवाटिकेतल्या माळीबुवांना बोलावलं. बुवांनी फांदी वाकवून जुन्या गाठींवरून बोट फिरवलं.

"बाई, हा बुटका नव्हेच. साधा पाइन आहे. आमच्याकडूनच चुकून गेला असणार. दर वसंतात कोवळे कोंब खुडलेत, म्हणून राहिला एवढासा. तुम्हीच खुडत होतात ना?"

बाईंनी झाडाला कधी कात्री दाखवली नव्हती.

पाइनला लागूनच्या कुंपणापलीकडे निवृत्त नर्सबाई राहायच्या. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे दोन महिने लेकीकडे होत्या. त्या संध्याकाळी काठी टेकत परतल्या. बाईंनी तडक कुंपणाशी जाऊन कोंबांबद्दल विचारलं.

"हो, मीच," नर्सबाई सरळ म्हणाल्या. "तुम्ही शाळेत गेलात की इथूनच हात घालायचे. वाढला असता तर माझ्या स्वयंपाकघरात भरदिवसा अंधार."

"अहो, मग सांगायचं ना! सात वर्षं?"

"सांगितलं होतं की, पहिल्याच वर्षी. तुम्ही मलाच बुटक्या झाडांवर अर्धा तास शिकवलंत."

बाई आठवू लागल्या. काही म्हणजे काही आठवेना, आणि तेच त्यांना जास्त लागलं. या गल्लीत आपल्याला आणखी कोण काय काय सांगून थकलं असेल?

शेवटी झाडाकडे वळून म्हणाल्या, "आता काय करू?"

"अर्धा कोंब मोडायचा. बोटांनीच. कात्रीने सुईसारखी पानं तांबडी पडतात."

बाईंनी पहिला कोंब मोडला. कट्‌कन आवाज झाला, बोटांना चीक लागला. मधे एकदा त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण मिटून घेतलं. नर्सबाई सांगत राहिल्या आणि बाई एकेक कोंब मोडत राहिल्या.