सुगंधाबाईची मोजणी

सुगंधाबाई आश्विनात तापाने गेली. पण आपलं नेमकं काय गेलं, ते तिच्या नवऱ्याला, मुखरू मास्तरांना, कळलं पौषातल्या एका रविवारी, भर दुपारी, धानाच्या कोठीत, लाल कापड गुंडाळलेल्या कंदिलासमोर.

त्यांनी औषधाच्या थाळीतून फोटोची काचेची प्लेट काढली आणि उजेडासमोर धरली. प्लेट कोरी होती. ओळीने तिसरी.

पहिली कोरी निघाली तेव्हा मास्तरांनी औषधाला शिव्या दिल्या. दुसरीच्या वेळी औषध नवं होतं, चांद्याहून मागवलेलं, म्हणून शिव्या थंडीला दिल्या. तिसरीच्या वेळी शिव्या द्यायला कोणी उरलं नव्हतं. कॅमेरा तोच होता, झाड तेच होतं. फोटोंच्या वहीतही स्वच्छ लिहिलं होतं: 'लाल मुंगीसारखा कोळी. डबा लावून. सकाळचं ऊन. आठ.' मास्तरांनी भिंगावरचं झाकण काढलं होतं, एक ते आठ मोजलं होतं आणि झाकण लावलं होतं. आणखी काय करायचं असतं?

कोठीत ते तसेच बसून राहिले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. आठ मोजायची ती. एका हातात झाकण, दुसऱ्या हाताने डहाळी धरलेली, नजर किड्यावर, अशात मास्तर घड्याळ कधी बघणार? सुगंधाबाई वाऱ्याच्या बाजूला छत्री धरून उभी राहायची आणि मोठ्याने मोजायची. तिने सुरू केलं की झाकण काढायचं, तिने थांबवलं की लावायचं. नऊ वर्षं हे चाललं. वहीतले सगळे आकडे तिच्या तोंडचे होते, आणि तिचा एक आकडा म्हणजे किती वेळ, हे मास्तरांनी एकदाही घड्याळ लावून पाहिलं नव्हतं.

ती गेल्यावर माणसं भेटायला आली, तेव्हा मास्तर सगळ्यांशी नीट बोलले होते. त्या दुपारी मात्र कोठीचं दार लावून ते बराच वेळ रडले. मग तोंड धुऊन गफ्फारकडे गेले.

गफ्फारभाई धानोऱ्यातला टिनवाला. कंदील, चाळण्या, तेलाची मापं करायचा. मास्तरांनी सत्तेचाळीस साली विलायतेला परतणाऱ्या एका जंगल साहेबाचा कॅमेरा लिलावात घेतला होता. त्यावर माणसांचे फोटो छान निघत, पण मास्तरांना हवे होते किडे. भिंग जितकं पुढे सरकेल तितका किडा मोठा दिसतो, एवढं त्यांना कळलं होतं. तेव्हा गफ्फारने वनस्पती तुपाचा डबा कापून भिंगाच्या मागे बसेल अशी नळी करून दिली, आतून काजळी लावून. त्या डब्यातून टोळाचा डोळा सुपारीएवढा दिसायचा.

असा हा जिवलग माणूस, आणि भांडण त्याच्याशीच होतं.

मागच्या थंडीत सुगंधाबाईने आंब्याच्या पानाखाली तो कोळी पहिल्यांदा ओळखला होता. आंब्यावर लाल मुंग्यांची घरटी होती, आणि हा त्यांच्यात त्यांच्यासारखाच लाल, लांबोळका फिरायचा. "मुंगी नोहे हे," ती म्हणाली. "धाग्यानं लटकते. पाय आठ आहेत. पुढचे दोन मिशांसारखे हलवून फसवून राह्यला आपल्याले." गफ्फारने भिंगातून पाहिलं आणि निकाल दिला, "भाभी, सहा पाय, दोन मिशा. बात खतम. उद्या माही बकरी दाखवून वाघ म्हणसान!" वर बाजारभर सांगत सुटला. आठवडाभर बाया सुगंधाबाईला विचारत होत्या, बकरी कशी आहे म्हणून.

तेव्हा घेतलेल्या फोटोत उजेड बरोबर आला, पण कोळी हलला आणि पायांचा धूर झाला. "पुढच्या थंडीत घेऊ," सुगंधाबाई म्हणाली. "कडाक्याच्या थंडीत सकाळी थो हलत नाई. मग पाहतो त्या गफ्फारभाऊले."

ती थंडी आता आली होती. मास्तरांकडे तीन प्लेटा उरल्या होत्या. सरकारने परदेशी माल आवळल्यापासून नागपूरचा दुकानदार पत्राला उत्तरही देत नव्हता. तिचं म्हणणं खरं होतं हे तिच्या माघारी तरी ठरावं, एवढीच मास्तरांची इच्छा होती.

"भाभी कशी मोजे?" गफ्फारने कथलाचा डाग द्यायची सळई खाली ठेवत विचारलं. तिचं नाव निघालं की तो हल्ली आवाज खाली आणायचा. "एक, दोन, तीन, असंच ना?"

"एक नाई म्हणे. लाभ म्हणे. लाभ, दोन, तीन."

"मग ते धानाचं मोजणं झालं, मास्तर! भाभी माहेरच्या खळ्यावरच शिकली असन. सासुरवाडीले जा. इथी माह्या दुकानात काय बसून राह्यले?"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. धान मोजताना पहिल्या पायलीला कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. हे पोरालाही ठाऊक असतं. शाळेत वीस वर्षं पाढे घोकून घेणाऱ्या मास्तरांना मात्र ते एका टिनवाल्याने सांगावं लागलं.

सासुरवाडी चार कोसांवर. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मास्तर खळ्यावर पोचले, तेव्हा मेहुणी रुखमा धान मोजत होती. पायली राशीत घालायची, हाताने सपाट करायची, पोत्यात ओतायची. "लाभ... दोन... तीन..." मास्तर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. आठ पायल्यांना चोवीस सेकंद.

रुखमाने मान वर केली. "भाऊजी, मी चोरून नाई राह्यलो धान. घड्याळ लावून काय पाहता?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. रुखमा आधी हसली, मग पदराने डोळे पुसले, मग पुन्हा हसली.

"माह्या मोजण्यावर जासान तर चवथी प्लेटही कोरी निघन. ताईचं मोजणं वेगळं होतं. तिची पायली शीग लावलेली. भरल्यावर वरून आणखी ओंजळ सोडे, शीग ढासळली का परत सोडे. म्हणून बाबा तिले व्यापाऱ्याचं धान मोजूच देत नव्हते. तिच्याकडे फक्त कापणीवाल्या बायांच्या मजुरीचं धान. बाया म्हणत, मोठीलेच बसवा मोजाले."

"तसं करून दाखव."

रुखमाने पायली भरली, शीग लावली, वरून ओंजळ सोडली. आठव्या पायलीला मास्तरांनी घड्याळ पाहिलं. चाळीस सेकंद. आणि ते स्वतः आठ सेकंदांत झाकण लावून मोकळे होत होते!

"आता गफ्फारच्या हाती घड्याळ देतो, तो सांगन," मास्तर म्हणाले.

"गफ्फारभाऊच्या हाती? ज्यानं ताईचं बाजारात हसं केलं? काही नाई. मी येतो मोजाले."

रविवारी सकाळी धानोऱ्याच्या आंब्याखाली जे दृश्य होतं, ते रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघत होती. मास्तर डहाळी धरून आणि भिंगावर हात ठेवून. गफ्फार छत्री घेऊन वाऱ्याच्या बाजूला. आणि रुखमा धानाची टोपली आणि पायली घेऊन जमिनीवर, कारण हातात पायली नसली की तिचं मोजणं पळत सुटायचं.

"कोणाले विकून राह्यल्या धान, बाई? मुंग्याइले?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"कोळ्याले," रुखमा म्हणाली. "नगद गिऱ्हाईक आहे."

कोळी पानाखाली पातळ जाळीत आखडून बसला होता. मास्तरांनी पान उलटं धरलं. "लाभ," रुखमाने सुरू केलं. "दोन... तीन... चार..." पाचव्याला गफ्फारच्या पायजम्यात लाल मुंगी शिरली. गफ्फार नाचला, छत्री फांदीवर आपटली, कोळी अर्धा हात खाली लटकला आणि एक प्लेट गेली.

"पाहा!" रुखमा ओरडली. "धाग्यानं लटकला! मुंगी लटकते काय?"

"माही लटकली नाई, चावली," गफ्फार कळवळत म्हणाला. "थे खरी मुंगी होती. याचं ठरायचं आहे अजून."

कोळी धागा चढून परत पानाखाली जाईपर्यंत त्यांनी बिड्या ओढल्या. गफ्फारने पायजम्यावर घोट्याशी सुतळी बांधली. दुसऱ्या खेपेला रुखमाने आठही पायल्या शीग लावून मोजल्या. मास्तरांच्या हाताला कळ लागली, पण डहाळी हलली नाही. कोळीही हलला नाही.

कोठीत तिघं दाटीने बसली. थाळीत काच हळूहळू काळी होत गेली आणि काळ्या पानावर एक पांढरी आकृती उभी राहिली. मास्तरांनी प्लेट पक्की केली, धुतली आणि दार उघडून गफ्फारच्या हाती दिली.

"मोज."

गफ्फारने नखाने एकेक पाय मोजला. एकदा मोजला, काच फिरवून परत मोजला. पुढच्या दोन मिशा मिशा नव्हत्या. त्या पायांच्याच जागेवरून निघाल्या होत्या आणि त्यांना पायांसारखीच पेरं होती.

"आठ," तो म्हणाला. काच जपून मास्तरांच्या हाती परत दिली. मग म्हणाला, "मास्तर, आज बाजार आहे. मी जातो अन् सांगतो. जितक्याइले तेव्हा सांगितलं, तितक्याइले सांगतो."

आणि त्याने खरंच सांगितलं. संध्याकाळपर्यंत धानोऱ्यात गफ्फारलाच माणसं बकरीची तब्येत विचारू लागली होती. दुकान बंद करताना तो पुन्हा मास्तरांकडे आला. रुखमा ओट्यावर टोपलीतलं धान पाखडत होती. त्याने प्लेट मागून घेतली आणि उभ्यानेच पाहिली.

"याचं तोंड एवढं लांब काऊन हो?"

"नर आहे," मास्तर म्हणाले. "नराचे जबडे असे लांब असतात. तुह्या भाभीनंच पाहून ठेवलं होतं."

"अन् याची घरवाली?"

"तिचं तोंड आखूड. पानं गुंडाळून अंडी घालते. शेंड्याकडे राहते म्हणे, मी पाहिली नाई."

"मग लावा शिडी," गफ्फार म्हणाला. "छत्री मी धरतो."

रुखमा म्हणाली, धान आणखी आहे.

पण शिडी मिळेपर्यंत थंडी ओसरली होती आणि रुखमाला खळ्यावर परत बोलावणं आलं. प्लेटांच्या डब्यात एक प्लेट शिल्लक आहे. मादीचा फोटो अजून काढायचा राहिला आहे.