साहेबाच्या देशातला पाट

"टोपी जरा खाली वढा," मी म्हणाले, "डोकं चकचकतंय."

ह्यांनी टोपी कानापर्यंत ओढली. सकाळीच नदीवर आबांचा दहावा झाला होता आणि न्हाव्यानं डोकं, मिशी दोन्ही उतरवली होती. टोपीनं डोकं झाकलं, पण मिशीला काय झाकणार? लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मिशीशिवाय ह्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. वरचा ओठ एवढा बारीक असेल असं वाटलं नव्हतं.

"तूच धर फोन. मी समोर येत न्हाय," हे म्हणाले.

साडेतीन वाजत आले होते. निकिताचा फोन रोज याच वेळेला यायचा. तिच्याकडे, मँचेस्टरला, तेव्हा सकाळचे अकरा. पोरगी एम.एस्सी. करायला तिकडे पोचली आणि दुसऱ्याच दिवशी इकडे आबा गेले, झोपेतच. आबा म्हणजे माझे सासरे, तिचे आजोबा. लोक जमायच्या आधीच ह्यांनी ठरवून टाकलं की निकिताला इतक्यात कळवायचं नाही. "उलट्या पावली यील आन परत जायची न्हाय. रमू दे तिला." मला हे पटलं नव्हतं. पटलं नाही तरी मी गप्प बसले, तो माझा दोष.

आमच्या लासुर्ण्यात म्हैस व्यायली तरी लोक स्टेटस ठेवतात. पण हे घरोघर हात जोडत फिरले. श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावू नका, मोबाईलवर फोटो टाकू नका, पोरीला कळंल. गावानं ऐकलं. अख्खं गाव एवढं मुकाट खोटं बोलू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

म्हणून सुतकातले ते दिवस आम्ही निकिताचं शहर बघण्यात घालवले. तास सुरू व्हायला अवकाश होता, ती दिवसभर भटकायची आणि फोनवर दाखवायची. पिवळी ट्राम. गोल इमारतीतलं वाचनालय. एका दुकानाबाहेर भेंडी मांडलेली दिसली, तर तिथं पाच मिनिटं उभी राहिली. हे सगळं आबांसाठी चालायचं. आबा चौतीस वर्षं नीरेच्या डाव्या कालव्यावर पाटकरी होते. पाण्याची पाळी आली की दार उघडायचं, संपली की बंद करायचं आणि उरलेला वेळ काठानं सायकल मारायची. हा कालवा इंग्रजांनी बांधलेला. त्यामुळे नात निघाली तेव्हा आबांनी तिच्याकडे एकच मागणं केलं होतं. "निके, साहेबाच्या देशातला पाट बघ. हितं त्यानं येवढा बांधलाय, सवताच्या गावात कसा बांधला आसंल?"

रोज ती विचारायची, "आबा कुठं हायत?" मी सांगायचे, झोपलेत. रानात गेलेत. कान दुखतोय. एकदा तर म्हणाले, तुझ्यावर रुसलेत. त्यावर ती हसली. "पाट घावला की रुसवा जाईल." त्या दिवशी फोन ठेवून मी गोठ्यामागं जाऊन पोटभर रडले.

फोन वाजला.

"मम्मी, घावला. आबांना उठीव. आज मी काय बी ऐकणार न्हाय."

मोबाईलवर पाणी दिसलं. काळसर, संथ, दोन्ही बाजूंना जुन्या विटांचं बांधकाम. काठाला लांबट होड्या बांधलेल्या. मग तिनं फोन फिरवला आणि पाण्यात उभी दोन लाकडी दारं दिसली. मधल्या फटीतून पाणी झिरपत होतं.

"दार बघ. आबांना दाखव, लाकडाचं हाय. माणसं हातानं ढकलत्यात, आत्ताच बघितलं मी."

मी काही बोलायच्या आत हे माझ्या खांद्यावरून वाकले. लहानपणी आबांचा डबा घेऊन हे कालव्यावर जायचे आणि दार फिरवू लागायचे. आता कारखान्यात वेल्डर आहेत, पण पाटाचं दार दिसलं आणि ह्यांना भान राहिलं नाही.

"लाकडाचं? पाण्यात फुगत न्हाय व्हय गं?"

पाणी हललं, आभाळ दिसलं, मग निकिताचा चेहरा आला. तिनं फोन अगदी जवळ घेतला होता.

"पप्पा, मिशी?"

हे मागं सरले नाहीत. आई-बाप गेल्याशिवाय आमच्याकडे माणूस मिशी उतरवत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"कधी?" तिनं विचारलं.

"तू पोचलीस, त्येच्या दुसऱ्या दिशी."

"म्हंजी ट्राम दाखवली तवा?"

"व्हय."

"भेंडी?"

"व्हय बाळा."

"मग मी दाखवत हुते कुणाला?"

तिकडे एक बाई तिच्याजवळ थांबून इंग्रजीत काहीतरी विचारत होती, बरी आहेस ना, असं असावं. निकितानं हसून तिला काहीतरी सांगितलं. त्या परक्या बाईसाठी माझ्या पोरीला हसावं लागलं, याचा मला अजून राग येतो, आणि तो त्या बाईचा नाही.

"मी येते तिकडं," निकिता म्हणाली.

"आता यिऊन काय करशील? झालं समदं," हे म्हणाले. "राख सुदिक न्हाय ऱ्हायली."

बोलले ते खरंच होतं.

त्यानंतर ती व्हिडिओ लावत नाही. फोन येतो, साडेतीनलाच, पण नुसता आवाज. जेवलीस का, तर हो. तास सुरू झाले का, तर हो. कुठं फिरलीस विचारलं की म्हणते, "कुठं न्हाय." ती ट्रामनं जाते की चालत, तिकडे थंडी पडली का, कुणाशी बोलते का, काही कळत नाही. आबांचं नाव ती काढत नाही, आम्हीही काढत नाही. जेवढं खोटं आम्ही तिला सांगितलं तेवढंच आता ती आम्हाला सांगते, असं मला वाटतं.

परवा ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"निके, कायतरी दाखव की."

"काय दाखवू?"

"काय बी."

कॅमेरा लागला. चेहरा तिनं दाखवला नाही. समोर एक पांढरी भिंत होती, तिच्या खोलीची. खिळा नाही, कॅलेंडर नाही. तिनं फोन तसाच धरून ठेवला. हे मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन ती भिंत बघत राहिले, वरपासून खालपर्यंत.

"चांगली हाय," हे म्हणाले. "वल न्हाय धरलेली."