न अडखळता सांगितलेली ओळ

आमच्या टीमच्या प्रमुख ताई. त्यांनी आम्हाला एक सवय लावली होती आणि तिच्यावरून सगळा मजला आमची टिंगल करायचा. कोड कोणीही लिहिलेला असो, आपल्या माणसानं किंवा एआयनं, तो बाहेर जायच्या आधी आमच्यातल्या एकानं खिडकीपाशी उभं राहायचं, स्क्रीनकडं पाठ करायची आणि तोंडानं सगळ्यांना समजावून सांगायचं. मधेच कोणीही विचारावं, "हे कशाला?" ह्या सगळ्या प्रकाराला आम्ही निरूपण म्हणायचो. शब्द ताईंचाच. त्यांचे वडील देवापुढं उभे राहून गात गात निरूपण करायचे आणि लहानपणी ताई त्यांच्या मागं झांजा घेऊन उभ्या असायच्या. पलीकडची टीम आम्हाला उभं राहिलेलं बघितलं की ओरडायची, "चपला बाहेर काढा रे, देऊळ उघडलं!"

ताई हसायच्या. "या की, देवळाला दार नाही," म्हणायच्या.

आम्ही दवाखान्यातल्या पंपाचं सॉफ्टवेअर करतो. पेशंटच्या खाटेशेजारी एक डबा असतो ना, सिरिंजमधलं औषध हळूहळू शिरेत सोडणारा, तो. नळी दबली की तो कोकलतो. पण तो उगाचही कोकलायचा. पेशंटची झोप जायची आणि सिस्टर लोकांचे कान इतके किटले होते की खरा अलार्मही त्यांना खोटा वाटायला लागला होता. हे उगाचचं कोकलणं थांबवायचं काम खडूसकडं आलं.

खडूस म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात तिरकस माणूस. त्यानं ते एआयकडून करून घेतलं, चहा गार व्हायच्या आत. एआयला आम्ही पंडितजी म्हणतो, कारण काहीही विचारा, पंडितजींचं उत्तर तयार. तपासणीचं काम माझं. मी सगळ्या टेस्ट लावल्या, सगळ्या पास. उरलं फक्त निरूपण आणि त्यावर ताईंची सही. ताईंच्या वरचे साहेब दारातच उभे होते. दुपारी नवीन सॉफ्टवेअर दवाखान्याला द्यायचा शब्द त्यांनी देऊन टाकला होता.

खडूस उभा राहिला आणि काय बोलला म्हणून सांगू! पाण्यासारखा. एका ओळीपाशी मी विचारलं, "सिरिंज बदलल्यावर थोडा वेळ अलार्म गप्प ठेवलाय. हे कशाला?"

"बदलताना हाताचा धक्का लागतो. त्या धक्क्यानं खोटा अलार्म होऊ नये म्हणून."

मला पटलं. साहेबांना तर फारच पटलं. "छान! चला, सही करा मॅडम."

ताईंनी पेन उचललं नाही. त्या खडूसकडं बघत होत्या.

"तू अडखळला नाहीस," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तुला एखादी गोष्ट खरंच कळलेली असली ना, की तू तीनदा अडखळतोस, दोन शिव्या देतोस आणि मग सांगतोस. आज तू पाठ केलेलं म्हणालास."

खडूसचे कान लाल झाले. "पंडितजींना विचारलं होतं मी, ताई. त्यांनी सांगितलं तेच सांगितलं."

"त्यांना काय वाटलं ते कळलं. तुला काय कळलं?"

मी आपलं पंडितजींना तीच ओळ घालून पुन्हा विचारून बघितलं. उत्तर आलं: बॅटरी वाचावी म्हणून. पुन्हा विचारलं. आता नळीतल्या हवेच्या बुडबुड्यामुळं! तिन्ही उत्तरं गोड आणि एकाचं दुसऱ्याशी नातं नाही.

"टेस्ट पास आहेत ना?" साहेबांनी मला विचारलं.

"आहेत, साहेब."

"मग ओळ बरोबर आहे!"

"असेलही," ताई म्हणाल्या. "पण उद्या सिस्टरनं फोन करून विचारलं, पंप गप्प का होता, तर मी त्यांना 'असेलही' सांगू? अलार्म बंद करतोय आपण साहेब, चालू नाही."

साहेब आत आले. आवाज खाली आला की ते जास्त रागावलेले असतात. "मॅडम, पलीकडच्या टीममध्ये तुमच्या निम्मी माणसं आहेत आणि ती रोज काम बाहेर काढतात. लिहायला यंत्र असताना मला सांगणारे कशाला हवेत? आज सही झाली नाही, तर ही टीम तुमच्याकडं राहणार नाही." मग ते खडूसकडं वळले. "कोड तुझा आहे. तू कर सही. उद्यापासून टीम तुझी."

खडूसला ही जागा किती वर्षं हवी होती, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ताईंनाही होतं. त्यांनी पेन त्याच्या बाजूला सरकवलं आणि हात मांडीवर ठेवले.

खडूस पुन्हा खिडकीपाशी गेला. स्क्रीनकडं पाठ केली.

"सिरिंज बदलली की... म्हणजे बदलली की दाब... थांबा." तो थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच थांबला. "च्यायला," तो म्हणाला. "साहेब, मला माहीत नाही ही ओळ कशाला आहे. मी नाही करत सही."

"दोघंही मला शिकवणार का आता?"

"नाही हो," ताई उठल्या. "सही तुम्हीही करू शकता, तुमचा अधिकारच आहे. फक्त आधी तिथं उभं राहून आम्हाला सांगा."

साहेबांनी खिडकीकडं बघितलं. क्षणभर मला वाटलं, तिकडं जाऊन उभे राहतात की काय. मग ते म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत. त्यानंतर तुमच्याबद्दल वर बोलतो," आणि गेले.

आम्ही कपाटातला खरा पंप काढून टेबलावर ठेवला. ताईंनी स्वतः नळी धरली. ती ओळ काढून सिरिंज बदलली, ओळ घालून बदलली, नळी चिमटीत दाबून बदलली. पंडितजीही कामाला होतेच. दाबाचे आकडे मांडून देत होते. यंत्राशी ताईंचं कधीच वाकडं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की झांजा कोणीही वाजवाव्यात, निरूपण करणाऱ्याला अर्थ माहीत हवा.

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा खडूस उभाच होता.

"नवी सिरिंज बसवली की आतला दट्ट्या... तो लेकाचा नीट टेकेपर्यंत... नाही, आधी दाब वाढतो. खोटाच वाढतो. मग आपोआप उतरतो. तेवढ्यापुरता अलार्म गप्प. आणि नळी खरंच दबलेली असली तर दाब उतरत नाही, मग हा वेळ संपला की बोंब मारतोच मारतो. आम्ही दाबून बघितली. चिमटीत. ताईंचं बोट अजून लाल आहे."

"म्हणजे ओळ बरोबरच होती!" साहेब जवळजवळ ओरडले. "काल जे होतं तेच आज आहे. दिवस फुकट घालवलात!"

"काल ती बरोबर होती, पण आमच्यातल्या कोणाची नव्हती," ताई म्हणाल्या. "आज आहे." आणि त्यांनी सही केली.

"एकच विचारतो. पुढच्या वेळी मी सांगितलं, तर हे सगळं न करता सही कराल?"

"नाही."

"मग टीम दुसऱ्याला द्यावी लागेल."

"द्या. ज्याला द्याल तोही आधी तिथं जाऊन उभा राहील." ताईंनी खिडकीकडं बोट केलं, तेच लाल बोट. "नाही राहिला, तर ही मंडळी त्याला बसू देणार नाहीत. एवढं तरी माझ्या हातून झालंय."

साहेबांनी खडूसकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी कशी काय कोण जाणे, उठून उभी राहिले होते. बाकीचेही उठले होते. साहेब सहीचा कागद घेऊन गेले. टीम कोणाला दिली ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही आणि आजपर्यंत सांगितलेलं नाही.

"उभ्याच आहात तर पुढचं घ्या," ताई म्हणाल्या. "कोणाचं आहे?"

माझं होतं. मी खिडकीपाशी गेले, स्क्रीनकडं पाठ केली आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळले. ताईंनी डोळे मिटले आणि टेबलावर बोटानं हलकेच ताल धरला.