ब्रेकवरची लाल रेघ

मी एक जुनी जीप आहे. खुलताबादच्या खालच्या शिवारात काकासाहेबांच्या घराला लागून पत्र्याचे शेड आहे, तिथे माझा मुक्काम असतो. मित्रांनो, एकतीस वर्षांत मी हजारो खड्डे सोसले. पण गेल्या वर्षी मला जे हादरे बसले, ते रस्त्याने दिलेले नव्हते. ते माझ्याच घरच्या, माझ्यावर जीव लावणाऱ्या माणसांनी दिले. आजही आठवले की माझ्या टाकीतले डिझेल गोठते.

माझा जन्म कारखान्यातला, पण मी वाढदिवस धरते तो काकासाहेबांनी मला घरी आणले त्या दिवसापासून. त्यांच्या पत्नीने, द्वारकाबाईंनी, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि चाकांवर पाणी घातले. नव्या नवरीचा थाट होता माझा! त्यानंतर माझ्या पाठीवर काय काय बसले म्हणून सांगू? कांद्याच्या गोण्या, खताची पोती, ढोलासकट बँडवाले आणि एकदा तर एकाच खेपेत एकोणीस वऱ्हाडी. डोंगरावर त्रिंबक नावाच्या मेंढपाळाची वस्ती आहे. तिथपर्यंत चढणारी गाडी पंचक्रोशीत मी एकटीच. त्रिंबकची आई बानाबाई माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणायची, "माय, ही गाडी नाय, घोडी हाय घोडी!" मी दिवसभर फुगून असे.

माझ्यात एक खोड मात्र होती. माझा ब्रेक एका दाबात लागत नसे. पहिल्यांदा पाय दिला की पेडल नुसते खाली जाई, दुसऱ्यांदा दिला की मी थांबे. काकासाहेबांनी त्यावर एक म्हणच तयार केली होती, "पहिला दाब रामराम, दुसरा दाब काम." त्यांची मुलगी श्रेया अठरा वर्षांची झाल्यावर माझ्यावर गाडी शिकली, तेव्हा तिला स्टिअरिंगच्याही आधी ही म्हण शिकवली गेली. घरात सगळे त्या खोडीवर हसत. मीही हसले म्हणा ना. पण मित्रांनो, ती खोड नव्हती, ते दुखणे होते.

पुढे दारात पांढरी मोटार आली आणि माझी रवानगी कडुनिंबाखाली झाली. माझ्या मधल्या सीटवर एका कोंबडीने संसार मांडला. मागच्या उन्हाळ्यात कडुबा भंगारवाला आला, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "पस्तीस हजार. त्याच्यावर एक रुपया नाय." मला वाटले, काकासाहेब त्याला हाकलून देतील. ते तर चक्क मान खाजवत विचार करू लागले! माझ्या चाकांतली उरलीसुरली हवाही गेली.

इतक्यात श्रेया घरातून धावत आली. ती बिडकीनजवळच्या एका कारखान्यात खरेदी विभागात नोकरी करते.

"पप्पा, ही मला द्या. डिसेंबरात डोंगरावर गाड्यांची स्पर्धा हाय. मी हिला तयार करते."

"आगं, हिला? हिचं म्हातारपण निघायलंय!"

"मला एवढंच पाहिजे पप्पा. दुसरं काही मागणार नाय."

तीन वर्षांच्या पगारातून तिने चार लाख साठवले होते. काकासाहेबांनी अट घातली. "आधी कागदावर चालव, मग डोंगरावर. आणि चार लाखाच्या वर एक पैसा जाणार नाय, कर्ज नाय, उसनं नाय." श्रेयाने हात पुढे केला, बापलेकीने टाळी दिली. त्या टाळीत सगळे आले. स्पर्धेत उतरणे तर आलेच, पण ही पोर मोठे काम डोक्याने तडीस नेऊ शकते हे बापाला दाखवणेही आले.

मग दर रविवारी ती माझ्या बॉनेटवर मांडी घालून बसू लागली. वहीच्या डोक्यावर तिने 'श्री' लिहिले आणि खाली यादी सुरू केली. कारखान्यातली शिस्त ती! प्रत्येक वस्तूला तीन दुकानांचे भाव, फोन करून घासाघीस, परवानगीच्या कागदपत्रांची वेगळी पाने. पण ते आकडे ऐकून मला घेरी यायची बाकी राहिली. पाच टायर, एक लाख दहा हजार! मित्रांनो, अख्खी मी पस्तीस हजारांची आणि माझे पायताण लाखाचे! चिखलात रुतले तर स्वतःला ओढून काढायला विंच, पंचेचाळीस हजार. टपावर लावायचे दिवे, बत्तीस हजार. आणि आत बसणाऱ्याभोवती जाड पाइपांचा पिंजरा, अडतीस हजार. त्यावर काकासाहेब म्हणाले, "पिंजऱ्यात काय पोपट ठेवायचाय?"

चिकलठाण्याच्या फकिरा मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये मला नेले. फकिरा मिस्त्री बोलायला थोडे आणि ऐकायला जास्त. त्यांनी माझ्यात बसून पेडल दाबले आणि त्यांची भुवई वर गेली.

"काकासाहेब, हे काय? पेडल तर सरळ खाली जातंय."

"ती तिची खोड हाय, मिस्त्री. पहिला दाब रामराम, दुसरा दाब काम!"

बापलेक हसले. घरचेच हसतात म्हटल्यावर बाहेरचा माणूस किती बोलणार? तरी फकिरांनी वहीत आपल्या हाताने एक ओळ वाढवली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, बेचाळीस हजार.

श्रेयाने बेरीज केली. चार लाख बेचाळीस हजार. तिचा चेहरा पडला. तिने पुन्हा बेरीज केली, पण आकडे काही कुणाच्या भिडेखातर बदलत नाहीत.

"दिवे कमी करू का, पप्पा?"

"दिव्याशिवाय गाडीला रुबाब काय? आगं, ब्रेक कशाला पाहिजे नवा? एकतीस वर्षांत ही थांबली नाय असं एकदा तरी झालंय का?"

"ताई," फकिरा म्हणाले, "चाकं मोठी, वजन वाढलेलं. माझं मन घेत नाय."

श्रेयाने वडिलांकडे पाहिले, मग वहीकडे. तीन वर्षे तिने स्वतः मला दोन दाबांत थांबवले होते. पेनचे टोपण काढून तिने फकिरांच्या ओळीवर लाल रेघ मारली. बेरीज बरोबर चार लाख. हिशेब असा काट्यावर बसला की काकासाहेबांनी पोरीच्या पाठीवर थाप मारली. मित्रांनो, मी त्या क्षणी किंचाळले. पण जीपची किंचाळी ऐकायला किल्ली फिरवावी लागते, आणि किल्ली काकासाहेबांच्या खिशात होती!

पुढचे दोन महिने माझा खिळा न् खिळा सुटा करून मला पुन्हा जोडले. मी आरशात पाहिले आणि माझीच मला ओळख पटेना. दोन वीत उंच झाले होते. घरी आल्यावर सगळा गाव बघायला लोटला, पोरांनी फोटो काढले, बानाबाई नुसती "आगं बाई, आगं बाई" करत राहिली. चढण्यासाठी तिला पाटावर उभे करावे लागले. इतके कौतुक मला पहिल्या दिवशीही मिळाले नव्हते. खोटे कशाला बोलू, मीही हुरळले आणि ती लाल रेघ विसरले.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी त्रिंबकच्या वस्तीवरून खाली उतरण्याचा सराव ठरला. श्रेया माझ्यात, पट्टा बांधून. काकासाहेब उताराच्या पायथ्याशी, हाताने खुणा करायला. त्रिंबकने मेंढरे बाजूला घेतली. उताराच्या मध्यावर डावीकडे त्याच्या मेंढरे कोंडायच्या वाडग्याची दगडी भिंत होती.

पहिल्या गिअरमध्ये मी छान उतरत होते. तेवढ्यात पुढचे चाक एका धोंड्यावरून घसरले. श्रेया दचकली आणि पांढऱ्या मोटारीच्या सवयीने तिने ब्रेकबरोबर क्लचही दाबला. क्लच दाबला की इंजिनाचा धरबंध सुटतो. आता सगळा भार ब्रेकवर.

पहिला दाब. दुसरा दाब. मी थांबले नाही.

तिसरा, चौथा. माझी ती अवाढव्य चाके त्या जुन्या ब्रेकला जुमानेनात. माझा माझ्यावरच विश्वास बसेना. आणि समोर, बरोबर समोर, काकासाहेब उभे! ते हलेनात. एकतीस वर्षांचा भरवसा त्यांच्या पायात उतरला होता. दोन्ही हात वर करून ते ओरडत होते, "दाब! आजून एकदा दाब! थांबती ती!"

"पप्पा, सरका!" श्रेयाचा आवाज फाटला.

ते सरकले नाहीत. मग त्या पोरीने स्टिअरिंग डावीकडे ओढले. मी वाडग्याच्या भिंतीवर आदळले, एका अंगावर कलले आणि आडवी झाले. दगडांचा गडगडाट झाला. मग काहीच ऐकू येईना, माझे वरचे चाक तेवढे फिरत होते.

त्रिंबकने आणि काकासाहेबांनी तिला बाहेर काढले. हाताला खरचटले होते, दुसरे काही नाही. पाइपांचा पिंजरा वाकलासुद्धा नव्हता. काकासाहेबांनी त्या पाइपाला हात लावला आणि तिथेच खाली बसले. ते म्हणाले, "रेघ तू नाय मारली बाळा. मी मारली."

"मी मारली पप्पा. पेन माझ्या हातात होतं," श्रेया म्हणाली, आणि मग मात्र ती हमसून हमसून रडली.

तिसऱ्या दिवशी फकिरा मिस्त्री घरी आले. मी अंगणात उभी होते, एक बाजू चेपलेली. त्यांनी रागाचा एक शब्द काढला नाही. नवे पान उघडले आणि म्हणाले, "आता कोणी हसायचं नाय. हिची जी जी खोड असंल, ती सांगा. मी लिहितो."

काकासाहेब सांगू लागले. ब्रेकची, चढावर सुटणाऱ्या तिसऱ्या गिअरची, उचलून लावाव्या लागणाऱ्या दाराची. एकेक ऐकून तेच चकित होत होते. "आयला, हे तर मला ठाऊक व्हतं! सगळं ठाऊक व्हतं की मला!" असे ते तीनदा म्हणाले.

द्वारकाबाई चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, माझं बी एक लिवा."

सगळ्यांनी वर पाहिले.

"विहिरीवरून घरी येताना मला मधी टेकावं लागतं. छातीत दाटून येतं, डावा हात भरून येतो. दोन वर्षं झाली."

त्या वाटेवर एक पसरट दगड आहे. घरात सगळे त्याला 'आईचा पाट' म्हणतात. तिथे बसल्या की श्रेया लांबूनच हाक मारी, "आई, बसली का पाटावर?" आणि काकासाहेब हसत. श्रेयाने तोंडावर हात धरला. काकासाहेब उठायला गेले आणि त्यांच्या हातून चहा सांडला.

"आगं, मग बोलली का नाय कधी?" ते कसेबसे म्हणाले.

"कोणी इचारलंच नाय," द्वारकाबाई म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. जेवण झाले का विचारल्यावर सांगावे, तसे त्यांनी सांगितले.

त्याच तासाला पांढरी मोटार त्यांना घेऊन शहरातल्या दवाखान्यात गेली. हृदयाच्या दोन नसा बंद होत्या. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस काढले असते तर अवघड होते. आता त्या बऱ्या आहेत. श्रेयाने स्पर्धेतले नाव मागे घेतले आणि टपावरचे दिवे विकले. त्या पैशात थोडी भर घालून माझे ब्रेक आले. आता मी एका दाबात थांबते.

मित्रांनो, तुमच्या दारातल्या सायकलीची, पंपाची, पंख्याची काळजी घ्या, हे मी सांगायचे आणि तुम्ही ऐकायचे, ही रीतच आहे. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. आज घरी गेल्यावर आईजवळ बसा आणि तिला विचारा, "तुला कुठं दुखतं का?" ती लगेच म्हणेल, "नाही रे, काही नाही." तेवढ्यावर उठू नका. आणखी एकदा विचारा.