आठच्या ओळीवरचा अंगठा

मी एक जुना तक्ता आहे. तळहाताएवढा, प्लास्टिकच्या आवरणात बंद केलेला, कडांनी पिवळा पडलेला. मित्रांनो, आपली कहाणी सांगणारे बहुतेक जण पराक्रमापासून सुरुवात करतात. माझ्या पदरी पराक्रम एकच आहे आणि शरम मात्र भरपूर. तरीही सांगतो, कारण जे घडले ते अगदी जवळून पाहणारा मी होतो आणि मी गप्प राहिलो. कागदाला तोंड नसते हे खरे, पण त्याने मनाची टोचणी कमी होत नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, हावलिक गावात झाला. तिथल्या शाळेत गणित शिकवणाऱ्या मर्ना ओल्टमनबाईंनी मला एका रविवारी घरी जेवणाच्या टेबलाशी बसून तयार केले. आमच्याकडचा फुटबॉल हातात चेंडू घेऊन धावण्याचा. चेंडूसकट शेवटची रेघ ओलांडली की टचडाउन, त्याचे सहा गुण. त्यानंतर एक जादा संधी मिळते आणि सगळी डोकेफोड तिथेच असते. चेंडू लाथेने दोन खांबांमधून पाठवला तर एक गुण, आणि तो बहुधा मिळतोच. तीन यार्डांवरून पुन्हा रेघ ओलांडली तर दोन गुण, पण हा डाव निम्म्या वेळा फसतो. मागे पडलेल्या संघाने एक घ्यावा की दोनचा डाव खेळावा, हे सांगणे माझे काम. डावीकडे किती गुणांनी मागे, उजवीकडे एक किंवा दोन. आणि माझ्या माथ्यावर बाईंनी ठसठशीत लिहिले होते की हे आकडे टचडाउनचे सहा गुण धरल्यानंतरचे आहेत.

आठच्या ओळीत बाईंनी दोन लिहिले, त्यावरून गावात बरीच वादावादी झाली. हावलिकची एक रीत आहे. शनिवारी सामना झाला की सोमवारी सकाळी धान्याच्या गोदामाशेजारच्या कॅफेत कोचने हजर व्हायचे. तिथल्या लांब टेबलाशी नऊ जण रोजचे ठरलेले. त्यांच्यासमोर बसून, जिंको की हरो, प्रत्येक डावाचा जाब द्यायचा. आमचे कोच रोलंड टिचाचेक मला घेऊन गेले तेव्हा सोबत बाईही होत्या.

"बाई, आठने मागे असताना एक घेतला की सात उरले," बियाण्याचे दुकानदार ऑर्डेल फियाला म्हणाले. "पुढच्या टचडाउनला बरोबरी. यात कसलं आलंय गणित?"

"बरोबरीच हवी असेल तर काहीच नाही," बाई म्हणाल्या. "दोन मिळाले तर सहाच उरतात. मग पुढचं टचडाउन आणि एक लाथ, की सामना आपला. नाही मिळाले, तर पुढच्या टचडाउननंतर दोनचा डाव पुन्हा आहेच की."

"आणि दोन्ही वेळा फसलं तर?"

"तर सोमवारी तुम्ही आहातच."

टेबल हसले. सप्टेंबरात तसा प्रसंग आलाच. आम्ही सत्तावीस-तेराने मागे होतो. टचडाउन झाले, आठचे अंतर राहिले. मी बाईंच्या हातात होतो. त्यांनी आठची ओळ मोठ्याने वाचली, मुलांनी दोनचा डाव खेळला आणि साधला. शेवटी आम्ही अठ्ठावीस-सत्तावीसने जिंकलो. पुढचे कित्येक दिवस कॅफेत माझे नाव निघत होते. खोटे कशाला बोलू, माझी छाती फुगली होती. मी कधी चुकत नाही असे मला वाटू लागले.

पण कौतुकाबरोबर कोचच्या वाट्याला टोमणेही आले.

"काय हो कोच, आज जेवायचं की नाही ते बाईंना विचारून आलात ना?" ऑर्डेल विचारायचे. कोच हसण्यावारी न्यायचे, पण त्यांचे कान लाल व्हायचे. एक दिवस ते बाईंना म्हणाले, "तक्ता माझ्याकडे असू दे. फक्त थोडा छोटा करा, खिशात मावत नाही." बाईंनी ऑफिसातल्या कटरवर मला वरून कापले आणि नवे आवरण घातले. माथ्यावरची ती सूचना तेवढी गेली. "सूचना गेली, पण तुम्हाला माहितीच आहे," बाई म्हणाल्या. कोचनी मान डोलावली. मला तर बरेच वाटले. कोचच्या मागच्या खिशात बसायला मिळणार, याचाच आनंद जास्त होता.

नोव्हेंबरात बाद फेरीचा सामना आला. हरलो की वर्ष संपले. वारा बोचरा होता आणि सगळे गाव दुपारीच मैदानावर जमले होते. आम्ही चौदा गुणांनी मागे होतो. नऊ मिनिटे उरली असताना आमचे टचडाउन झाले. कोचनी मला खिशातून ओढले आणि गुणफलकाकडे पाहिले. फलक चालवणारे एमिल वाव्रा चष्मा पुसून, पंचांच्या हाताची खूण नीट पाहून मगच बटण दाबायचे. त्यामुळे फलकावर अजून चौदाचेच अंतर होते. कोचनी चौदाची ओळ पाहिली. तिथे लिहिले होते, एक. त्यांनी हात उंचावून लाथ मारणाऱ्या मुलाला आत पाठवले.

"कोच, आठ!" शेजारी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. "आठची ओळ!"

तेवढ्यात फलक बदलला. कोचचा अंगठा माझ्या अंगावरून चौदापासून आठपर्यंत सरकला आणि तिथेच थांबला.  मित्रांनो, त्यांना चूक कळली होती. सामना थांबवून निर्णय फिरवण्याची मुभाही शिल्लक होती. पण सगळ्या गावासमोर, बाईंच्या सांगण्यावरून माघार घ्यायची? त्यांनी मला खिशात घातले. चेंडू खांबांमधून गेला, एक गुण मिळाला.

पुढे आम्ही बरोबरी केली आणि जादा डावात हरलो. दोनचा डाव साधलाच असता असे मी म्हणत नाही. कुणीच म्हणू शकत नाही. माझी शरम हरण्याची नाही, सोमवारची आहे.

"सप्टेंबरात दोन, मग या वेळी एकच का?" ऑर्डेलनी विचारले. या वेळी त्यांच्या आवाजात मस्करी नव्हती.

कोचनी मला टेबलावर टाकले. "तक्त्यानं सांगितलं ते केलं."

नऊ माना माझ्यावर वाकल्या. चौदा, एक. मी ते अगदी सुवाच्य अक्षरांत दाखवत होतो. त्या क्षणी माझी शाई पुसली गेली असती तर बरे झाले असते.

बाईंनी कोचकडे पाहिले.  कोच कॉफीत चमचा फिरवत होते. मग बाई म्हणाल्या, "वरची सूचना मी कापली. ती असती तर घोळ झाला नसता. चूक माझी."

त्यानंतर बाई मैदानाच्या कडेला कधी उभ्या राहिल्या नाहीत. सामन्यात गुणांचा हिशेब ठेवण्याचे त्यांचे काम शाळेने दुसऱ्याला दिले. गावात कुणाचे काही चुकले की "बाईंच्या तक्त्यावरून केलंस का?" असे विचारायची पद्धत पडली. वर्गात मुलेही दबक्या आवाजात तेच म्हणत. मी मात्र कोचच्या टेबलाच्या खणात, शिट्ट्या आणि जुन्या किल्ल्यांखाली पडून राहिलो. ज्यांनी मला घडवले त्यांच्याच नावाला माझ्या आडोशाने बट्टा लागला आणि मी अंधारात सुरक्षित होतो.

अकरा वर्षांनी कोच निवृत्त झाले. खण रिकामा करताना मी त्यांच्या हाताला लागलो. त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली. मग मला शर्टाच्या खिशात घालून सरळ बाईंच्या घरी गेले. बाई खसखशीचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, ओव्हनमधून काढत होत्या.

कोचनी मला ओट्यावर ठेवले. "बाई, त्या दिवशी... चूक माझी होती. मी ओळ चुकीची पाहिली. आणि ते मला तेव्हाच कळलं होतं."

"मला माहिती आहे," बाई म्हणाल्या. "मी शेजारीच होते. तुमचा अंगठा दिसला मला."

"मग बोलला का नाहीत?"

बाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला. "तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. त्या सोमवारी वाटलं, आता बोलतील. मग वाटलं, पुढच्या सोमवारी."

कोचनी विचारले, "आता काय करू?"

"मला सांगून काय उपयोग, रोलंड? मला माहितीच होतं."

सोमवारी कोच मला घेऊन कॅफेत गेले. लांब टेबल तेच होते. त्या दिवशी माझ्यावर वाकलेल्या नऊ जणांपैकी सहा जण आता गावाबाहेरच्या दफनभूमीत होते. ऑर्डेलही त्यांतच. उरले होते तिघे. कोचनी मला टेबलावर ठेवून सगळे सांगितले. बाईंची चूक नव्हती, हे शेवटी म्हणाले. एमिल वाव्रांना आता ऐकू येत नव्हते. त्यांनी कानाला हात लावला, म्हणून कोचना ते वाक्य पुन्हा, ओरडून म्हणावे लागले.

मित्रांनो, आम्ही तक्ते, वह्या, मोजपट्ट्या तुमच्या मदतीला आहोत. आम्हाला जपा, नीट वाचा, आमचे काही कापले असेल तर लक्षात ठेवा. पण एवढी विनंती ऐका, आमच्यामागे लपू नका. आणि कुणी तुमची चूक आपल्या अंगावर घेतली असेल, तर त्या माणसाचे नाव मोकळे करायला आजच जा. ज्यांच्यासमोर ते खराब झाले, ती माणसे जिवंत आहेत तोवर जा.